अळंबीवरच्या चिलटाचे बारसे करण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

आंबोलीच्या जंगलात लावलेल्या मॅलेज सापळ्यातील (उडते कीटक पकडणाऱ्या तंबूसारख्या जाळीतील) चिलटांची छायाचित्रे आणि तुझ्या शोधनिबंधाचा कच्चा मसुदा, दोन्ही सावकाश पाहिले. ही चिलटे मायसेटोफिलिडी कुळातील, म्हणजे ज्यांच्या अळ्या अळंबीत आणि कुजक्या लाकडावरच्या बुरशीत वाढतात त्यांपैकी आहेत, याविषयी मला शंका नाही. वर उचललेली पाठ, लांबलचक कोक्सा (पायाचा शरीराला जोडलेला पहिला खंड) आणि पायांच्या नळ्यांच्या टोकाशी असलेले काटे तेच सांगतात. मायसेटोफिला हा वंशही तू बरोबर ओळखला आहेस. माझी हरकत पुढच्या युक्तिवादाला आहे. डीएनए बारकोडला (जाती ओळखण्यासाठी वाचलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला) विदागारात, म्हणजे अशा नोंदींच्या संगणकीय साठ्यात, जुळणी मिळाली नाही, म्हणून जाती नवीन, असे तू लिहिले आहेस. एवढ्याने ते सिद्ध होत नाही. शंभर वर्षांपूर्वी टाचणीवर लागलेल्या कित्येक जातींचा बारकोड आजवर कोणी केलेलाच नाही. तेव्हा तुझे चिलट त्यांच्यापैकीच एक असले, तरी विदागार गप्पच बसणार.

जाती नवीन आहे हे जंगलात ठरत नाही, तुलनेत ठरते. ब्रुनेटी यांचा ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील मालिकेतला 1912 चा खंड आधी शेवटपर्यंत वाच. (हे गृहस्थ पेशाने संगीतकार होते, हे तुला आवडेल.) त्या काळच्या वर्णनांत भर असतो तो रंगावर आणि पंखांच्या शिरांवर, नराच्या जननांगाची आकृती सहसा नसते, आणि या वंशात जवळच्या जाती वेगळ्या ओळखायच्या तर मुख्य आधार नेमका त्या अवयवाचाच असतो. म्हणून केवळ छापील वर्णन वाचून "जुळत नाही" असे म्हणता येणार नाही. मूळ होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर त्या जातीचे नाव आधारलेले असते तो, कोणत्या संग्रहालयात आहे ते शोधून काढ, तो पाहण्याची परवानगी माग, निदान त्याची चांगली छायाचित्रे तरी मागव. आणि हा शोध भारताच्या सीमेवर थांबवू नकोस. श्रीलंका, म्यानमार, नेपाळ, थायलंड येथून वर्णिलेल्या जातीही त्याच यादीत घे, कारण चिलटांना आपले नकाशे ठाऊक नसतात. सापळा एखाद्या रोपवाटिकेजवळ किंवा पॉलीहाऊसजवळ असता, तर मी याहूनही अधिक साशंक राहिलो असतो. शेजारच्या सायारिडी कुळातील ब्रॅडिसियाच्या काही जाती कुंड्यांतल्या मातीबरोबर जगभर पोहोचल्या आहेत आणि एकेकीला निरनिराळ्या देशांत निरनिराळी नावे मिळालेली आहेत. ती नावे निस्तरण्याचे काम पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात पडते.

आता जननांगाविषयी, कारण तुझ्या मसुद्यात सर्वांत कच्चा भाग तोच आहे. उदराचे टोक कापून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात टाक आणि नळी गरम पाण्यात ठेव. थेट आच देऊ नकोस. स्नायू विरघळले की मधाच्या रंगाचा पारदर्शक सांगाडा उरतो. तो उरताक्षणी बाहेर काढ, कारण फार वेळ राहिला तर कडाही फिकट होतात आणि बारीक केस दिसेनासे होतात. मग सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात धुऊन ग्लिसरीनमध्ये घे. येथे घाई करून लगेच कॅनडा बाल्सममध्ये (नमुना काचपट्टीवर कायमचा चिकटवणाऱ्या राळेत) बसवण्याचा मोह होतो, तो टाळ. एकदा वरून काच पडली की गोनोस्टायलस, म्हणजे नराच्या जननांगाचा टोकाचा पकडीसारखा भाग, दाबला जातो आणि पुन्हा वळवून पाहता येत नाही. खळगा असलेल्या पट्टीवर ग्लिसरीनमध्येच तो वरून, खालून आणि बाजूने पाहा, तिन्ही बाजूंच्या आकृत्या काढ, आणि गोनोस्टायलसच्या वरच्या व खालच्या पाळीवरचे जाड काटे कोठून उगवतात, किती आहेत, कोणत्या दिशेला वाकतात, हे प्रत्येक नरात तपासून लिही. छायाचित्र जोडच, पण आकृतीची जागा ते घेऊ शकत नाही. आकृती काढताना आपण काय पाहिले आणि काय गृहीत धरले, हे हाताला कळते.

मसुद्यात तू डायग्नोसिस (जवळच्या जातींपासूनचा फरक सांगणारा भाग) आणि वर्णन यांची सरमिसळ केली आहेस. वर्णनात सर्व काही येऊ दे, पंखाची लांबी मिलिमीटरमध्ये, तीही एकाच नमुन्याची नव्हे तर लहानांत लहान ते मोठ्यांत मोठी. डायग्नोसिसमध्ये मात्र सर्वांत जवळच्या जातींची नावे घेऊन नेमका फरक सांग. "आकर्षक ठिपके असलेली जाती" अशा वाक्यांचा कोणालाही उपयोग नाही. मादीचे वर्णन केवळ ती त्याच सापळ्यात सापडली म्हणून जोडू नकोस. बारकोड जुळला, किंवा एकाच अळंबीतून नर व मादी दोन्ही वाढवून मिळाले, तरच जोड. पुढच्या पावसाळ्यात अळ्या लागलेल्या अळंब्या ओलसर वाळूवर ठेवून वर मलमल बांधून पाहा. काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्यांतून प्रौढ बाहेर पडले, तर कोणत्या अळंबीवर हे चिलट जगते तेही कळेल, आणि बहुतेक वर्णनांत हीच माहिती नसते.

नावाविषयी थोडेच लिहितो. माझे नाव सुचवलेस, त्याबद्दल आभार, पण ते काढून टाक. स्थळावरून नाव दिलेस तर बरे. फक्त त्या वंशात ते आधी कोणी वापरलेले नाही ना, हे पाहून घे. 1999 नंतरच्या नव्या जातीसाठी होलोटाइप स्पष्टपणे नेमणे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे हे लिहिणे, प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार बंधनकारक आहे. निबंध केवळ ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतील नोंदणीही आधी हवी आणि तिचा उल्लेख निबंधातच हवा, नाहीतर नाव वैध रीतीने प्रसिद्ध झाले असे धरले जात नाही.

तुझ्या मसुद्यात होलोटाइप "लेखिकेच्या वैयक्तिक संग्रहात" असे लिहिले आहे, ते मला मुळीच मान्य नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या जातीची माहिती नियुक्त भांडाराला कळवून नमुना तेथे जमा करावा लागतो, आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असे भांडार आहे. काही पॅराटाइप (होलोटाइपखेरीज वर्णनासाठी वापरलेले नमुने) दुसऱ्या एखाद्या संस्थेत ठेव, म्हणजे एका ठिकाणी बुरशी लागली किंवा बाटली सुकली तरी सर्व काही जाणार नाही. लेबलावर ठिकाण, उंची, तारीख, सापळ्याचा प्रकार आणि गोळा करणाऱ्याचे नाव हवे. जननांगाच्या कुपीवर आणि उरलेल्या देहावर एकच क्रमांक हवा. पाठवलेल्या छायाचित्रांत दोन कुप्यांवर क्रमांकच दिसत नाहीत. इतर काहीही करण्यापूर्वी तेवढे उद्याच करून घे.

कळावे,
तुझा शुभचिंतक