व्यावसायिक खेळ सुटल्यावर खेळाडूने बांधकामात जाणं कमीपणाचं आहे का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधला एक व्यावसायिक रग्बी खेळाडू खेळ सोडून बांधकामात करिअर करतोय असं वाचलं, तर आपल्या खेड्यातल्या खेळाडूला ते जमेल का, सुरुवात कुठून करावी, आणि ते कमीपणाचं नाही का. जमतं. कमीपणाचं अजिबात नाही. या शेवटच्या भागावरच मी जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही.

आधी त्या रग्बीवाल्यांचं. रग्बी युनियन १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी खेळ होता. खेळाडू आठवडाभर नोकरीधंदा करून शनिवारी मैदानात उतरायचे. खेळात पगार आला आणि दुसरा धंदा सुटला. मग २०२२ मध्ये वूस्टर आणि वास्प्स, २०२३ मध्ये लंडन आयरिश हे मोठे क्लब पैशाअभावी बुडाले आणि ऐन उमेदीतले खेळाडू रस्त्यावर आले. म्हणजे करार संपला की खेळाडू उघडा पडतो, हे तिकडेही तसंच आहे.

मी कबड्डीवाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यातला. उजवा कोपरा सांभाळायचो. एका कंपनीच्या संघात करारावर होतो, महिन्याच्या महिन्याला पैसे यायचे. गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि पुढच्या हंगामाला करार झाला नाही. गावाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. सत्काराला आलेल्या पुढाऱ्यांपैकी कोणी पुन्हा विचारलं नाही. दादाचं एकच पालुपद, "पाच टक्क्यांतून नोकरीची फाइल लाव." खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, हे आमच्याकडे पोरापोराला पाठ आहे. पण त्याला ठरावीक स्पर्धेतलंच पदक लागतं आणि त्या प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी व्हावी लागते. माझी पदकं त्यात बसत नव्हती. मी चौकशी करून तसं सांगितलं, तर दादा म्हणाला की तू नीट खेटेच घातले नाहीस.

घरी बसवेना. शेजारच्या गावातल्या एका मिस्त्रीकाकांकडे बिगारी म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी दादाने वाटेत गाठलं. "काल तुले हार घातला ना बे लोकायनं? आज घमेलं उचलून राहिला? लोकं हासून राहिले आपल्यावर." मी घमेलं खाली ठेवलं नाही.

त्या साइटवर जे पाहिलं त्यानेच मी या धंद्यात टिकलो, म्हणून सविस्तर सांगतो. दोन खोल्यांचं घर, जमीन काळीभोर. ठेकेदार आला, खड्ड्यात डोकावला आणि म्हणाला, तीन फूट झालं, पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट) टाका. मिस्त्रीकाका म्हणाले, "मुरूम लागल्याशिवाय मी कॉलम नाही उभा करत, मालक." ठेकेदार चिडला. खोदाईचे पैसे कोण देणार, बाकी सगळे एवढंच खोदतात, वगैरे. काकांनी वाद घातला नाही. मला म्हणाले, "उतर बावा." मी खड्ड्यात उतरलो. काळ्या मातीत कुदळ दबक्या आवाजात रुतते आणि काढताना चिकट ढेकूळ घेऊन वर येते. कमरेच्या वर खड्डा गेला तरी तेच चाललं होतं. मग एका घावाला आवाज बदलला, हाताला झिणझिणी आली आणि कुदळीच्या टोकाला पिवळा, रवाळ मुरूम लागला. काकांनी तो मुठीत घेतला, चुरून पाहिला, तरी अजून वीतभर खाली जायला लावलं. जास्तीच्या खोदाईचे पैसे ठेकेदाराने दिले नाहीत. काकांनी मला माझी मजुरी आपल्या खिशातून दिली.

त्याच गल्लीत त्याच ठेकेदाराचं दुसरं घर तीन फुटांवरच थांबलं होतं. दोन पावसाळे गेले आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली, बोट आत जाईल एवढी. काळी माती आकसून मे महिन्यात शेतात ज्या भेगा पडतात त्याच घराखालीही पडतात, एवढं आमच्याकडच्या शेतकऱ्याला कळतं, पण घर बांधताना तोच शेतकरी ठेकेदाराचं ऐकतो. घरकुलाचे मोजकेच पैसे हातात असतात, मग पहिली कात्री पायालाच लागते, कारण पाया कोणाला दिसत नाही.

तराईचंही, म्हणजे काँक्रीटला पाणी मारण्याचंही तेच. आमच्याकडे मिळतं ते सिमेंट बहुतेक राख मिसळलेलं पीपीसी. कोरड्या, कडक उन्हात असं काँक्रीट १४ दिवस ओलं ठेवावं असं आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात लिहिलेलं आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात स्लॅब टाकून चौथ्या दिवशी पाणी बंद करणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. आता मी स्वतः कामं घेतो तेव्हा स्लॅब पहाटे टाकतो, वर मातीची आळी करून पाणी भरतो, कॉलमला ओलं बारदान गुंडाळतो, आणि ते पाणी मारायला जो पोरगा ठेवतो त्याची मजुरी अंदाजपत्रकात वेगळी धरतो. मालक कुरकुरला तर काम सोडतो.

सुरुवातीबद्दल माझं मत सरळ आहे. कर्ज काढून जेसीबी किंवा ट्रॅक्टर घेऊ नका. खेळातल्या नावावर थेट ठेकेदार होऊ नका. ओळखीवर पहिलं काम मिळेल, पण लोखंड किती लागतं, गिट्टीत धूळ किती आहे, रेती धुतलेली आहे का हे कळत नसेल तर मुनीम आणि मिस्त्री मिळून तुम्हाला विकून खातील. एखाद्या चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली दोन-तीन वर्षं काढा. ओळंबा, काटकोन पाहायचा गुण्या आणि पातळी पाहायची पाण्याची नळी हातात बसली की मग नकाशा वाचायला शिका. ताकदीचा उपयोग पहिले काही महिनेच. खेळाडूची खरी कमाई म्हणजे पहाटे उठायची सवय, आणि सगळ्यांसमोर बोलणी खाऊनही दुसऱ्या दिवशी परत हजर राहणं. आमच्या कोपऱ्यात साखळी धरताना शेजारच्याचा हात सुटला तर दोघांवर यायचं. स्लॅबच्या दिवशी मिक्सरवाला, रेजा, व्हायब्रेटरवाला यांना तशीच एकमेकांची नड असते. ती मला कोणी शिकवावी लागली नाही.

दादा अजून म्हणतो की नोकरी असती तर पेन्शन मिळाली असती. २००५ नंतर लागलेल्यांचं जुनं पेन्शन बंद झालंय, हे मी त्याला अनेकदा सांगितलं. लोक हसतात म्हणायचा, तर आता तेच लोक पाया खोदला की मला बोलावतात, "जरा येऊन पाहून घे, मुरूम लागला का." मी जातो. त्याचे पैसे घेत नाही. दादाच्या मेहुण्याच्या घराचा पायाही मीच पाहिला, आणि तिथे खड्डा आणखी खोल करायला लावला तेव्हा दादा शेजारीच उभा होता. हे त्याने वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आता थोडं दुसऱ्या बाजूचंही. पदक नियमात बसत असेल तर आरक्षणाचा अर्ज जरूर करा, तो तुमचा हक्क आहे, फक्त त्याची वाट पाहत घरी बसू नका. पहिल्याच वर्षी इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा. वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि बरेच ठेकेदार ते द्यायला टाळाटाळ करतात, तेव्हा कामाला लागतानाच तसं बोलून घ्या. गुडघा किंवा कंबर गेलेली असेल तर सिमेंटची पोती उचलायच्या भानगडीत पडू नका, सुपरवायझरच्या वाटेने जा. बारावी सायन्स किंवा आयटीआय झालं असेल तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. माझ्याकडे एक कुस्तीगीर पोरगा होता, खांदा निखळल्यावर आलेला. तो आता सिव्हिलचा डिप्लोमा करतोय आणि सुट्टीत येऊन माझी मोजमापं तपासतो.