अर्जावर सही दाजींची नको, बहिणीची हवी

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: बायकोच्या धाकट्या भावाला तालुक्यातल्या एका एजंटानं मालदीवला गेस्ट हाऊसच्या किचनमध्ये काम देतो म्हणून पाठवलं. १ लाख ८० हजार घेतले. ४० हजार फोनवरून, बाकी रोख. पोरगं पर्यटक म्हणून विमानात बसलं, ‘कामाचं परमिट तिकडं गेल्यावर निघतं’ असं एजंट म्हणाला. चार महिने पगार नाही, पासपोर्ट मालकाकडे. वाचकानं स्वतःच्या नावानं पोलिसांत अर्ज दिला, तो ‘दिल्लीची मंजुरी लागते’ म्हणून तीन महिने पडून आहे. एजंट म्हणतो, मालदीवला क्लिअरन्स (परदेशी कामाला जाण्याची सरकारी परवानगी) लागत नाही, म्हणून मला लायसनही लागत नाही. शेवटी वाचक विचारतात, तिकडच्या लोकांचा भारतीयांवर राग आहे म्हणून हे होतंय का?

अशी पत्रं बरीच येतात, फक्त गाव आणि बेट बदलतं. एजंटानं फसवलं हे उघड आहे, ते पुन्हा सिद्ध करत बसत नाही. तुमचं काम अडलंय ते एकाच जागी: अर्जावर सही तुमची आहे.

एमिग्रेशन अ‍ॅक्ट, १९८३ च्या कलम २७ प्रमाणे या कायद्याखालचा खटला केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय भरता येत नाही. पोलिसांचं म्हणणं इथपर्यंत खरं. पण त्याच कलमाखाली परंतुक, म्हणजे सूट देणारी ओळ, आहे, आणि ते कुणी वाचत नाही. परदेशी गेलेल्या किंवा जाऊ इच्छिणाऱ्या माणसानं स्वतः तक्रार केली, किंवा त्याच्या वतीनं आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण किंवा पालक यांपैकी कुणी केली, तर मंजुरी लागत नाही. एकत्र हिंदू कुटुंबाचा कर्ताही चालतो. बहीण या यादीत आहे, दाजी नाही.

‘बाईमाणसाला ठाण्यात कशाला न्यायचं’ असं तुम्ही लिहिलंय. या एका वाक्यानं तुमचे तीन महिने खाल्ले. पत्नीला न्या, जमल्यास सासूबाईंनाही. नवा अर्ज पत्नीच्या नावानं करा आणि पहिल्याच परिच्छेदात लिहा: ‘मी सदर व्यक्तीची सख्खी बहीण असून कलम २७ च्या परंतुकानुसार ही तक्रार करत आहे.’ नातं दाखवायला दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले किंवा जुनं रेशनकार्ड जोडा. तुमची सही साक्षीदार म्हणून खाली चालेल.

खरं तर मंजुरीचा प्रश्न खटला भरताना येतो, गुन्हा नोंदवताना नाही. कलम २६ प्रमाणे या कायद्याखालचे सगळे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना ते थेट नोंदवता येतात. तरी परंतुकातली ‘तक्रार’ म्हणजे पोलिसांतली की न्यायालयातली, यावर समोरचा वकील वाद घालू शकतो. म्हणून ठाण्यात आणि पुढं न्यायालयात, दोन्हीकडे सही बहिणीचीच ठेवा. ठाण्यानं घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(४) प्रमाणे तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा. तरीही हललं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) चा अर्ज करा. तारखा लांबतील. म्हणूनच पहिला कागद चुकीचा नको.

आता एजंटाचं ‘लायसन लागत नाही’. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर जो क्लिअरन्सचा शिक्का असतो, त्याच्या देशांच्या यादीत मालदीव नाही, हे बरोबर. पण ती अट जाणाऱ्या माणसासाठी आहे. माणसं भरती करणाऱ्याला कलम १० प्रमाणे नोंदणी लागतेच, देश कुठलाही असो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. त्यात हे नाव नसेल तर त्या पानाची प्रिंट अर्जाला जोडा. नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० पेक्षा जास्त घेता येत नाहीत. यानं पाचपट घेतले. आपल्याकडं ऊसतोडीला मुकादम मजुराला उचल देतो. हा गडी मजुराकडूनच उचल घेतो, आणि घरचे ती विश्वासानं देतात. नोंदणीशिवाय भरती केल्याची कलम २४ ची शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड २,००० रुपयांपर्यंत, म्हणजे १९८३ चाच आकडा. म्हणून सोबत फसवणुकीचं कलम मागा: पैसे १ जुलै २०२४ ला किंवा त्यानंतर दिले असतील तर भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), आधी दिले असतील तर भादंविचं ४२०.

तुम्ही पाठवलेल्या बाँडच्या फोटोची मला जास्त काळजी वाटते. त्यात एजंटानं ‘घरगुती अडचणीसाठी १,४०,००० रुपये हातउसने घेतले’ असं लिहिलंय आणि तुम्ही ते न वाचता ठेवून घेतलं. या कागदावर बोट ठेवून पोलीस ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणतील. त्याला उत्तर एकच: नोकरी, पगार, तिकीट याबद्दल एजंटाशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं. ते पुसू नका, फोन विकू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र याच फोनवरून करावं लागेल. आणि पोरगं घरी येईपर्यंत ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कुठल्याही कागदावर कुणीही सही करायची नाही, एजंट निम्मे पैसे घेऊन दारात आला तरी.

मेव्हण्याला आज फोन करून एकच विचारा: पासपोर्टावरच्या शिक्क्यात राहण्याची मुदत कधीपर्यंत आहे? भारतीयांना तिथं पर्यटक म्हणून ९० दिवसांपर्यंत राहता येतं, पण शिक्क्यावरची तारीख हीच खरी. तुमच्या हिशेबानं ती उलटून गेली आहे. तिथं परमिट विशिष्ट मालकाच्या नावानं निघतं. आधी मंजुरी, मग माणूस, असा क्रम आहे. उलट्या क्रमानं गेलेल्याच्या नावावर काहीच नसतं. त्यानं मालकाशी भांडू नये आणि दुसऱ्या बेटावर दुसरं काम तर अजिबात धरू नये. बोटीनं राजधानी मालेला जाऊन भारतीय उच्चायुक्तालय गाठावं. शुक्रवार-शनिवार तिथं सुट्टी असते. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो तुमच्याकडं असेल तर तो त्याच्या फोनवर पाठवा. मालकानं पासपोर्ट दिलाच नाही तर परतीपुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळू शकतं. जास्त राहिल्याचा दंड किती, पुन्हा प्रवेशबंदी होईल का, हे तिथल्या अधिकाऱ्यावर आहे. मी शब्द देत नाही. इकडून त्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या १८००-११-३०९० वर नोंद करा.

रागाचं म्हणाल, तर ते कारण नाही. पाच लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या त्या देशात चारातला एक माणूस परदेशी आहे. आपल्या पोरांची कामं जातील ही तिथल्या लोकांची भीती खोटी म्हणता येत नाही. तिथलं किमान वेतन २०२२ पासून लागू झालं तेही फक्त स्थानिकांना, आणि मे २०२४ पासून कागद नसलेल्या परदेशी लोकांच्या बोटांचे ठसे बेटाबेटावर जाऊन घेतले गेले. यात भारतीय म्हणून कुणाला वेगळं काढलेलं नाही. पण छोट्या बेटावर नवा माणूस लपत नाही, आणि परमिट नसलेल्याच्या बाजूनं कुणी बोलत नाही. म्हणून घाई करा.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की चुलतभावानंही याच एजंटाला २५ हजार दिलेत आणि तो पुढच्या महिन्यात निघणार आहे. हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. त्याला थांबवा. तो कायद्याच्या भाषेत ‘जाऊ इच्छिणारा’ आहे, त्याच्या स्वतःच्या तक्रारीला मंजुरी लागत नाही, आणि जबाब द्यायला तो इथं हजर आहे. त्याचा अर्ज वेगळा करा आणि पत्नीच्या अर्जाबरोबर एकाच दिवशी द्या. दोन्हींची पोच शिक्क्यासह घ्या.