मेहुणा नेदरलँड्सहून टोमॅटोचं बी आणतोय, पाकीटभर बियाने काय बिघडतं?

आणू नका, सरळ सांगतो. आष्ट्याकडे माझी भाजीपाल्याची रोपवाटिका आहे, असली पाकिटं घेऊन येणारं गिऱ्हाईक मला नवं नाही. 'बी थोडंच आहे, वर बुरशीनाशक चोळतो' असं तुम्ही लिहिलंय. बुरशीनाशक बुरशीवर चालतं, विषाणूला त्याचं काही सोयरसुतक नाही.

टोमॅटोत सध्या धास्ती आहे ती रुगोज विषाणूची, म्हणजे फळं खडबडीत आणि तपकिरी करणाऱ्या रोगाची. 2014 साली इस्राएलमध्ये तो दिसला, 2015 मध्ये जॉर्डनमध्ये, आणि थोड्याच वर्षांत युरोप, मेक्सिको, अमेरिका. बियाच्या सालीला चिकटून येतो. बहुतेक रोपं चांगलीच निघतात, एखाददुसरंच बाधित. पण 104 कप्प्यांच्या ट्रेमधून बाया रोपं मोजून काढतात तेव्हा त्या एका रोपाचं पान जरा चुरगळलं, की रस बोटाला आणि बोटावरून पुढच्या रोपाला. मग लावण, बगलफूट काढणं, सुतळीनं बांधणं, सगळीकडे तेच हात. तंबाखूच्या मोझॅक विषाणूचा (पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पाडणारा) हा भाऊबंद, म्हणून माझ्याकडे तंबाखू मळून साबणानं हात न धुता ट्रेला शिवायचं नाही. (गडी कुरकुरतात, कुरकुरू देत.) मोझॅकला न जुमानणाऱ्या जातीही रुगोजपुढे टिकत नाहीत.

कायदाही आहे. 2003 च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे पेरणीच्या बियाला आधी आयात परवाना, तिकडच्या सरकारी खात्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बी रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला), आणि इथे उतरल्यावर तपासणी. संशोधनासाठीचं बी दिल्लीच्या एनबीपीजीआर या पिकांच्या वाणांचं जतन करणाऱ्या सरकारी संस्थेतून तपासूनच पुढे जातं. लोक याला सरकारी कटकट म्हणतात. गाजर गवत परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात, 1950 च्या दशकात ते पुण्यात दिसलं. तो रोग नव्हे, तण. पण वाट हीच. आज मिरजेपासून माणपर्यंत कुठला बांध त्यातून सुटलाय?

जात आवडली असेल तर तिचं नाव घेऊन इथल्या बियाणे दुकानात विचारा. परदेशी कंपन्यांच्या बऱ्याच जाती रीतसर इथे मिळतात. पक्कं बिल घ्या, लॉट नंबर जपून ठेवा. मेहुणा निघाला असेल तर बी तिथेच ठेवायला सांगा. पाकीट घरी येऊन पडलं असेल तर परसातही पेरू नका, उकिरड्यावरही टाकू नका; न फोडता तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्या.