५ फूट ९ इंच उंची, ३० हजारांचं बजेट: घरी कोणता क्रॉस ट्रेनर घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या मनीषनगरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, तुमची उंची ५ फूट ९ इंच, वजन ८८ किलो, पत्नी ५ फूट २ इंच, आईंचं वय ६४ आणि गुडघे दुखतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर बाहेर चालणं होत नाही, म्हणून ३० हजारांत तिघांना चालेल असा क्रॉस ट्रेनर (उभं राहून पॅडलवर चालल्यासारखे पाय फिरवायचं यंत्र) हवा आहे.

मी मॉडेलचं नाव सुचवणार नाही. मॉडेलं सारखी बदलतात, आणि वेगवेगळ्या नावांची स्वस्त यंत्रं उघडून पाहिली तर आतून बरीचशी सारखीच निघतात. त्यापेक्षा दुकानात मेजरटेप घेऊन जा आणि बूट घालून जा.

सगळ्यात आधी स्ट्राइड मोजा. पॅडल अगदी पुढे असतं तिथपासून अगदी मागे जातं तिथपर्यंतचं आडवं अंतर म्हणजे स्ट्राइड. माहितीपत्रकातला आकडा बाजूला ठेवा. पॅडल पुढच्या टोकाला आणा, त्याच्या नाकाखाली जमिनीवर खडूने खूण करा, मग हाताने फिरवून मागच्या टोकाला न्या आणि त्याच नाकाखाली दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर १४ इंच निघालं तर ५ फूट ३ इंचांच्या आतल्या माणसालाच ते बरं वाटेल. ५ फूट ३ ते ५ फूट ७ इंचांना १६ ते १८ इंच लागतात, आणि त्यापुढे १८ ते २०. तुम्हाला १८ हवेत. पत्नीला १४ पुरले असते, पण १८ वर त्यांचं निभावेल. उलट तुम्ही १४ वर निभावणार नाही. उंच माणसाला आखूड स्ट्राइडचा त्रास जास्त होतो, म्हणून घरातल्या उंच माणसाचं माप धरा.

आखूड स्ट्राइडच्या यंत्रांत आणखी एक दोष असतो आणि तो आकड्यात दिसत नाही. पॅडलचा मार्ग लांबट अंड्यासारखा न राहता गोल होत जातो. पाय पुढे-मागे कमी आणि वर-खाली जास्त जातो, म्हणजे सीटवरून उठून सायकल मारल्यासारखं होतं. गुडघा दर फेरीला जास्त वाकतो. तुम्ही हे यंत्र गुडघे सांभाळायला घेताय, तेव्हा हे दुकानातच पाहून घ्या: पॅडल सगळ्यात वर असताना तुमची मांडी जमिनीला समांतर होण्याकडे जात असेल, तर ते यंत्र सोडा.

दुसरं माप दोन पॅडलांमधल्या मोकळ्या जागेचं. आपण चालतो तेव्हा पावलं एकमेकांच्या अगदी जवळून जातात. स्वस्त यंत्रांत फ्लायव्हीलचा (आत फिरणाऱ्या जड चाकाचा) डबा मध्ये आडवा येतो, म्हणून पॅडलं लांब-लांब बसवलेली असतात. आतल्या कडांमधलं अंतर ५ ते ८ सेंटिमीटर असेल तर उत्तम, १२ पर्यंत चालवून घ्या. १५ च्या पुढे गेलं की माणूस फाकून चालतो, आणि महिनाभरात गुडघ्याच्या आतल्या बाजूला किंवा खुब्यात दुखायला लागू शकतं. लोक मग म्हणतात की क्रॉस ट्रेनर मानवला नाही. खरं तर त्यांना ते माप मानवलेलं नसतं.

आता सांध्यांकडे या. मला विचाराल तर पैसे इथेच घालायचे असतात. यंत्र थांबवा, एक पॅडल हातात धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. एखाद-दोन मिलिमीटर हललं तर हरकत नाही, पण बोटाला टक-टक जाणवलं तर त्या सांध्यात बहुधा बेअरिंग नसून प्लॅस्टिकचं किंवा पितळी बुश (नुसती नळीसारखी कडी) आहे आणि ते नवीन असतानाच सैल आहे. हीच परीक्षा हलणाऱ्या हँडलच्या खालच्या सांध्यावर करा. विक्रेत्याला सरळ विचारा: क्रँकच्या (आसाला बसवलेल्या, पॅडलची दांडी फिरवणाऱ्या हाताच्या) टोकाला काय आहे, पॅडलच्या दांडीच्या सांध्याला काय आहे, बेअरिंग की बुश? त्याला सांगता आलं नाही तर वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून दाखवायला सांगा. बेअरिंगचं यंत्र वर्षानुवर्षं चालतं, आणि खराब झालेलं बेअरिंग त्यावर कोरलेला नंबर पाहून इतवारीतल्या किंवा कुठल्याही बेअरिंगच्या दुकानातून आणता येतं. आतल्या पट्ट्याचंही तसंच, नंबर त्याच्या पाठीवर छापलेला असतो. कन्सोल (समोरचा आकडे दाखवणारा डबा), रेझिस्टन्सची (पॅडल जड-हलकं करण्याची) केबल आणि प्लॅस्टिकची झाकणं मात्र त्याच कंपनीची लागतात. म्हणून वॉरंटी किती वर्षांची हे विचारण्याआधी विचारा की नागपुरात दुरुस्तीला येणारा माणूस कोण, आणि पहिल्या वर्षानंतर त्याची फी किती. मेकॅनिक दुसऱ्या शहरातून येणार असेल तर ५ वर्षांच्या वॉरंटीचा कागद फार कामाचा नाही.

फ्लायव्हीलबद्दल जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच असतो. फ्लायव्हील जड असलं की पॅडल वरच्या आणि खालच्या टोकाला अडखळत नाही. पण फ्लायव्हील किती वेगाने फिरतं यालाही तितकंच महत्त्व आहे. ५ किलोचं चाक पट्ट्याने जास्त वेगात फिरवलं तर ते संथ फिरणाऱ्या ८ किलोच्या चाकापेक्षा गुळगुळीत चालू शकतं. तेव्हा किलो मोजत बसू नका. सगळ्यात कमी रेझिस्टन्स ठेवून अगदी हळू, मिनिटाला ३५-४० फेऱ्या चालवा. त्या वेगात प्रत्येक फेरीला पाय दोनदा अडतोय असं वाटलं, तर चाक अपुरं आहे. मग उलटं चालवून पाहा.

रेझिस्टन्स चुंबकाचाच घ्या. दोन हलत्या हँडलांचं, पंख्यासारखं चाक असलेलं आणि त्यावर कापडी पट्टा आवळणारं हलकं यंत्र स्वस्त मिळतं. ते तुमच्या वजनाला नको. पट्टा घासतो, तापतो, झिजतो, आणि आवाज शेजारी ऐकतात. चुंबकाच्या यंत्रात काही घासत नाही: नॉब फिरवला की केबल चुंबकांना धातूच्या चाकाजवळ आणते, आणि फिरत्या चाकात तयार होणारे विद्युत प्रवाह त्याला मागे ओढतात. म्हणूनच वेग वाढला की ओढ वाढते आणि हळू चाललं की ८ नंबरही हलका वाटतो. तो बिघाड नव्हे. नॉब फिरवून काहीच फरक पडत नसेल, तर मात्र बहुतेक वेळा केबल जोडणीच्या वेळी हुकमधून निसटलेली असते. खांब जोडताना दोन केबलींची टोकं एकमेकांत अडकवायची असतात, घाईत तेवढंच राहून जातं.

मोटरवाल्या रेझिस्टन्सला अडॅप्टर लागतो. उन्हाळ्यात व्होल्टेज वर-खाली होऊन जळतो तो बहुधा अडॅप्टरच, आख्खं कन्सोल नाही. नवा घेताना जुन्यावर लिहिलेले व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची धन-ऋण बाजूही तीच. तुमच्या बजेटमध्ये मला हाताने फिरवायचा नॉबच बरा वाटतो. त्यात बिघडण्यासारखं कमी असतं आणि वीज गेली तरी व्यायाम थांबत नाही. कन्सोल दोन पेन्सिल सेलवर चालतं, तेवढं पुरे.

कन्सोलवरच्या कॅलरीवर विश्वास ठेवू नका. जे यंत्र तुमचं वजन विचारत नाही, ते तुमच्या कॅलरी मोजू शकत नाही. ढोबळ हिशेब असा: मध्यम जोर लावून क्रॉस ट्रेनर केला तर तो सुमारे ५ मेट, म्हणजे स्वस्थ बसण्याच्या पाचपट मेहनत, धरतात; एक मेट म्हणजे किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी. ५ गुणिले ८८ किलो गुणिले अर्धा तास, म्हणजे २२० कॅलरी. कन्सोल ४०० दाखवत असेल तर त्या भरवशावर एक तर्री पोहे जास्त खाऊ नका. हँडलवरच्या नाडीच्या पट्ट्याही घामाच्या हाताने चुकतात. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की जोर बरोबर आहे.

वजनमर्यादा १२० किलोच्या खाली नको. तुम्ही ८८ चे असलात तरी प्रत्येक फेरीला ते वजन एका पायावरून दुसऱ्यावर पडतं. यंत्राचं स्वतःचं वजन ४५ किलोच्या आसपास किंवा जास्त हवं, आणि ते खोक्यासकटचं नाही ना, हे विचारा. माहितीपत्रकात ईएन ९५७-९ किंवा आयएसओ २०९५७-९ हे मानक लिहिलेलं असेल तर त्याच्यापुढचं अक्षर पाहा. एच म्हणजे घरगुती, एस म्हणजे जिमसाठी. सोबतचं ए, बी, सी हे आकड्यांच्या अचूकतेबद्दल असतं, मजबुतीबद्दल नाही.

आता ३० हजारांचं खरं सांगतो. या रकमेत नवीन यंत्रांत बहुतेक १४ ते १६ इंचांचे स्ट्राइड मिळतात. तुमच्या मापाचं, बेअरिंगचं नवीन यंत्र साधारण ४५ हजारांच्या पुढे सुरू होतं. बजेट वाढत नसेल तर चांगल्या प्रतीचं वापरलेलं यंत्र घ्या. घरगुती वापरातली यंत्रं दोन-तीन वर्षांत निम्म्या किमतीला निघतात आणि त्यातली बरीच फारशी चाललेलीच नसतात. पाहायला जाल तेव्हा १५ मिनिटं सलग चालवा, कारण सैल क्रँकचा आवाज पहिल्या दोन मिनिटांत येत नाही. मागच्या बाजूला रुळावर चाकं फिरणारं मॉडेल असेल तर चाकाला सपाट डाग पडलाय का, हे बोट फिरवून पाहा. वेल्डिंगच्या जागी गंज असेल तर व्यवहार तिथेच सोडा. नवीनच हवं आणि ३० च्या पुढे जायचं नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: वाईट क्रॉस ट्रेनरपेक्षा त्याच पैशांत चांगली मॅग्नेटिक सायकल घ्या.

आईंसाठी तर मला पाठ टेकून बसायची सायकलच योग्य वाटते. क्रॉस ट्रेनरवर चढताना पॅडल जमिनीपासून २५-३० सेंटिमीटर वर असतं आणि पाय ठेवताच ते सरकतं. गुडघा दुखत असताना सगळ्यात धोक्याची वेळ चढण्या-उतरण्याची. त्यांनी वापरायचंच ठरवलं तर आधी डॉक्टरांना विचारा, पहिले काही दिवस कुणीतरी शेजारी उभं राहा, चढताना नेहमी खाली असलेल्या पॅडलवर पाय ठेवायचा आणि स्थिर हँडल धरायचं.

जागेचं गणित खोलीत करा, दुकानात नाही. यंत्र ५ बाय २ फूट असलं तरी हँडल आणि पॅडल बाहेर झेपावतात. मागे दीड-दोन फूट आणि एका बाजूला चढायला दोन फूट मोकळे ठेवा. उंचीसाठी तुमचे १७५ सेंटिमीटर, पॅडल सर्वांत वर असतानाचे साधारण ४५ आणि वर १५ मोकळे धरा, झाले २३५. साध्या स्लॅबखाली अडचण नाही. पण बेडरूमला पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर पंख्याची पाती जमिनीपासून किती उंच आहेत ते मोजा.

नागपुरात एक चूक हमखास होते: यंत्र कूलरच्या झोतासमोर ठेवणं. घाम येतो म्हणून ते सुचतं, पण कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे बारीक कण येतात आणि ताटीवर जसा पांढरा क्षार बसतो तसाच तो बोल्टांवर बसतो. घामाचं मीठ त्यात मिसळलं की एका उन्हाळ्यात बोल्टांची डोकी तांबूस होतात. यंत्र झोताच्या बाजूला, तिरकं ठेवा. कूलर लावताना समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. बंद खोलीत दमटपणा वाढतो, घाम सुकत नाही आणि दम लवकर लागतो. गॅलरीत तर ठेवूच नका, तिथल्या उन्हात रबर आणि प्लॅस्टिक तडकतं. खाली ६ ते ८ मिलिमीटरची रबर मॅट टाका, नाहीतर गुळगुळीत टाइल्सवर यंत्र सरकतं आणि खालच्या घरात आवाज जातो.

जोडणीत सगळ्यात जपायची जागा क्रँकची. बऱ्याच यंत्रांत डाव्या बाजूचा नट उलट्या आट्यांचा असतो, तो डावीकडे फिरवून आवळतो. सुटे भाग एल आणि आर लिहिलेले असतात, ते अदलाबदल झाले तर आटे मरतात. आधी सगळे बोल्ट हाताने बसवा, मग यंत्र सपाट उभं करून आवळा. खोक्यातला पातळ पाना पुरत नाही, नीट पकड असलेला पाना आणा. दहा-बारा दिवसांनी सगळं पुन्हा आवळा. टक-टक आवाज आला तर त्याच दिवशी थांबा: सैल क्रँक आठवडाभर चालवला तर त्याचं भोक अंडाकृती होतं, आणि मग कितीही आवळलं तरी राहत नाही, क्रँकच बदलावा लागतो. परत आवळताना आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा (बोल्ट आपोआप सुटू न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब पुरतो. चर्र आवाज सांध्यातून येत असेल तर लिथियम ग्रीस लावा. फवाऱ्याचं पातळ तेल दोन दिवस आवाज बंद करतं आणि आतलं ग्रीस धुऊन नेतं.

पायाची बोटं सुन्न झाली, तर तुम्ही पंजावर भार देताय. टाच पॅडलला टेकवा, बुटाची नाडी थोडी सैल करा आणि हँडलवर अंग टाकू नका. पहिले दोन आठवडे ८-१० मिनिटंच, आणि दर दोन मिनिटांनी दिशा बदलत राहा.