वाचक विचारतात : दोन तृतीयांशांचे त्रैराशिक

प्रश्न : आमचे सासरे सेवानिवृत्त आहेत. रोज रात्री नऊ वाजता ते वृत्तवाहिनीवरील चर्चा न चुकता ऐकतात, तज्ज्ञांची विधाने डायरीत टिपून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तलावपाळीवर मित्रमंडळींना ऐकवतात. परवा एका राजकीय विश्लेषकांनी ठासून सांगितले की, दोन तृतीयांश आमदार फुटले की पक्षांतरबंदी कायदा लागूच होत नाही. वकिली करणारी माझी भाची हे अर्धसत्य आहे म्हणते. इतके अस्खलित बोलणारा माणूस चुकेल कसा, असे सासऱ्यांचे म्हणणे. कोणाचे खरे मानावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : भाचीचे. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा आला, तेव्हा विधिमंडळ पक्षातील एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला संरक्षण होते. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ते काढून टाकले. मागे उरली ती विलीनीकरणाची, म्हणजे पक्ष दुसऱ्या पक्षात मिसळण्याची तरतूद, आणि दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते ती या विलीनीकरणाला. फुटीचा बचाव आता उपलब्ध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी महाराष्ट्राच्याच सत्तासंघर्षाच्या निकालात स्पष्ट केले. मग शिवसेनेच्या शिंदे गटाचे ते आमदार अपात्र का ठरले नाहीत, असे सासरे विचारतील. विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी त्यांचाच गट हा मूळ पक्ष असल्याचे ठरवले, म्हणून; दोन तृतीयांशांची सवलत मिळाली म्हणून नव्हे. हा निर्णय कोणाला पटो वा न पटो, पण विश्लेषकांनी दोन वेगळ्या गोष्टींची एकच खिचडी केली, आणि ती इतक्या सफाईने वाढली की खडा कोणाच्या दाताखाली आला नाही.

महापालिकेच्या विषयात तर याहून गंमत असते. महापौर जनता थेट निवडते, असे एका चर्चेत मी स्वतः ऐकले आहे. जिल्ह्यातल्याच अंबरनाथ-बदलापूरला नगराध्यक्ष थेट निवडला जातो हे खरे, परंतु ठाण्यात आणि नवी मुंबईत महापौर निवडतात ते नगरसेवक, तेही अडीच वर्षांसाठी. महापालिका-नगरपालिकांच्या निवडणुका घेतो राज्य निवडणूक आयोग, आणि चर्चेत शिव्या खातो दिल्लीचा.

असे का होते, याचे उत्तर पडद्यामागे आहे. एकदा एका वाहिनीवरून मला दुपारी फोन आला. विषय पाणीवाटपाच्या लवादाचा होता. त्यातले मला कळत नाही, असे सांगितल्यावर पलीकडची मुलगी समजुतीने म्हणाली, ‘सर, दोनच मिनिटे बोलायचे आहे.’ मी नकार दिला आणि त्यानंतर तिथून फोन आला नाही. जे कोणत्याही विषयावर येतात, वेळेवर येतात आणि अडखळत नाहीत, त्यांनाच पुन्हा बोलावणे येते. सहा चौकटींच्या पडद्यावर ‘हे तपासून सांगतो’ म्हणणाऱ्याला जागा नसते.

सासऱ्यांची डायरी मात्र बंद करू नका, ती फार कामाची आहे. उजव्या पानावर विधान लिहिले की डावे पान अनुच्छेद, कायदा किंवा निकालाच्या तारखेसाठी कोरे ठेवायला सांगा, आणि संविधानाची मराठी प्रत घरात आणून ते पान त्यांनी भाचीसोबत बसून भरावे. महिनाभराने कोणत्या विश्लेषकांसमोरची डावी पाने कोरीच राहिली, ते मला अवश्य कळवावे. नावे छापणार नाही.