फाटकाबाहेरची पट्टी कोणाची?

प्रश्न : ताई, आमच्या सुदामानगरच्या घराचं फाटक आणि रोड यांच्यामधे मोकळी पट्टी आहे, पावसात गाजरगवत कमरेएवढं होतं, शेजारचे म्हणतात तुमच्यासमोर आहे तर तुम्हीच काढा. खरंच आमची जबाबदारी आहे का?

उत्तर : जागा पब्लिकची असेल तर देखभाल इंदूर नगर निगमकडे, त्यांच्या ३११ अ‍ॅपवर फोटोसकट कंप्लेंट टाका. पण वाट बघत बसू नका हो, गाजरगवत फुलायच्या आत हातमोजे घालून मुळासकट उपटाच, त्यानं अंगाला खाज सुटते, दमाही होऊ शकतो, घरात लहान मुलं असतील तर आधी हेच करा. साफ केलं म्हणून तिथे जाळी किंवा ओटा मात्र बांधू नका, ते अतिक्रमणच. आणि त्या पट्टीत झाड असेल, तर त्याला मध्यप्रदेशच्या २००१ च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही.