ख्रिस्ती धर्मात तारण विश्वासाने होते की सत्कर्मांनी?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: तुमचे एक ख्रिस्ती सहकारी म्हणतात की तारण केवळ विश्वासाने होते, सत्कर्मांनी होत नाही. मग आयुष्यभर लोकांच्या उपयोगी पडलेल्या तुमच्या आजीच्या पुण्याला काहीच मोल नाही का, आणि जन्मभर वाटेल तसे वागून अखेरच्या घटकेला विश्वास ठेवणारा सुटतो, हा न्याय कसा? शिवाय बायबलमधलेच याकोबाचे पत्र याच्या उलट कसे सांगते? मी सोलापुरातील एका प्रोटेस्टंट मंडळीचा सभासद आहे आणि बरीच वर्षे रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत आलो आहे. हे तिन्ही प्रश्न मुलेही विचारतात, आणि एके काळी ते माझ्या स्वतःच्या घरात उभे राहिले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शब्दाविषयी. आपल्या शहरात पतसंस्थांच्या पाट्यांवर 'सोनेतारण कर्ज' असे लिहिलेले असते. तिथे तारण म्हणजे आपण काही तरी ठेवायचे आणि त्याच्या मोलाने काही तरी घ्यायचे. ख्रिस्ती मराठीतले तारण 'तारणे' या क्रियापदातले आहे: बुडणाऱ्याला दुसऱ्याने काठाला लावणे. बुडणाऱ्यापाशी गहाण ठेवायला काहीच नसते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळदा चर्चा सुरुवातीलाच चुकते, कारण ऐकणारा मनातल्या मनात 'मग काय ठेवायचे, विश्वास की पुण्य?' असा प्रश्न करत असतो. बायबलच्या नव्या करारातली बरीच पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचे उत्तर असे की दोन्हीही नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते. ते देवाचे दान आहे, कर्मांचे फळ नाही, म्हणून कोणी बढाई मारू नये. तारणारी आहे ती कृपा; विश्वास म्हणजे ती स्वीकारणारा रिकामा हात. हे आठव्या आणि नवव्या वचनात आहे. बहुतेक जण तिथेच थांबतात. दहावे वचन मात्र लगेच सांगते की आपल्याला सत्कृत्यांसाठीच निर्माण केले आहे. कर्मांनी तारण नाही, पण कर्मांसाठी आहे, असा तो क्रम आहे.

हा क्रम मला पुस्तकातून नव्हे, आईमुळे कळला. आई घरी बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून मऊ केलेली पाने. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू भरून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. हजार बिड्या झाल्या की त्या घेऊन कारखान्यावर जायचे आणि तपासणाऱ्यापुढे ठेवायच्या. तो जुडी उचलायचा, बोटाने दाबून पाहायचा, आणि काही बिड्या खराब म्हणून बाजूला टाकायचा. त्या का टाकल्या हे विचारायची सोय नव्हती, आणि त्यांची मजुरीही मिळत नसे. आई कारखान्यावर जायला निघाली की तिच्या चेहऱ्यावर जी धास्ती असायची, तीच मला रविवारी उपासनेत, पापांची कबुली म्हणताना दिसायची. ती प्रार्थना करी, अर्पण देई, शेजारणीचे बाळंतपण काढी, आणि तरी तिला वाटे की शेवटी कोणी तरी हे सगळे दाबून पाहील आणि यातले बरेचसे बाजूला काढील. देव हा तिच्या दृष्टीने मोठा तपासनीस होता. 'केवळ विश्वासाने' हे शब्द सर्वांत आधी कोणासाठी आहेत असे मला विचाराल तर ते अशा माणसासाठी आहेत. निष्काळजी माणसासाठी नव्हेत.

प्रोटेस्टंट धर्मसुधारणेची सुरुवात करणारा जर्मन मठवासी मार्टिन ल्यूथर याचीही अवस्था हीच होती. मठात राहून उपास, जागरणे आणि पुन्हा पुन्हा पापांगिकार करूनही आपण पुरेसे केले असे त्याला कधी वाटले नाही. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील 'नीतिमान (म्हणजे देवापुढे निर्दोष ठरलेला) विश्वासाने जगेल' या वचनाचा अर्थ त्याला उमगला तेव्हा त्याची सुटका झाली. 1517 मध्ये त्याने जे 95 मुद्दे मांडले त्यांचा रोख पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या क्षमापत्रांवर होता. आमच्याकडे कधी कधी असे सांगितले जाते की कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात आणि आपण विश्वासाने. हे खरे नाही, आणि आम्ही प्रोटेस्टंटांनी ते सांगत राहू नये. कॅथलिक चर्चच्या त्रेंत येथील धर्मसभेने 1547 मध्ये या विषयावर जो निर्णय दिला, त्याच्या पहिल्याच नियमात देवाच्या कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरू शकतो हे मत नाकारले आहे. मतभेद आहे तो वेगळा: कृपा मिळाल्यावर माणूस जे करतो त्याने त्याचे नीतिमत्त्व वाढते का, तो नुसता नीतिमान 'ठरवला' जातो की आतून तसा 'केला'ही जातो, आणि विश्वासाला 'केवळ' हा शब्द लावावा का. त्यावर 1999 साली ऑग्सबुर्ग येथे लुथरन मंडळ्यांचा जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि मूळ गाभ्यावर एकमत असल्याचे जाहीर केले. पुढे मेथडिस्ट, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांनीही त्याला दुजोरा दिला. सगळे भेद मिटले असे नाही, पण तुमच्या सहकाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

आता याकोब. त्याच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात माणूस कर्मांनी नीतिमान ठरतो, 'केवळ विश्वासाने' नव्हे, असे स्पष्ट शब्द आहेत. ल्यूथरला ते इतके अडचणीचे वाटले की 1522 च्या नव्या कराराच्या जर्मन भाषांतराच्या प्रस्तावनेत त्याने या पत्राला गवताचे पत्र म्हटले. माझ्या मते तिथे ल्यूथर चुकला. पौल आणि याकोब दोघेही यहुद्यांचा मूळ पुरुष अब्राहाम याचे उदाहरण देतात, पण त्याच्या आयुष्यातल्या वेगवेगळ्या घटनांवर बोट ठेवतात. पौलाचा भर उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायावर आहे, जिथे अब्राहाम अजून निपुत्रिक आहे आणि देवाच्या वचनावर फक्त विश्वास ठेवतो. याकोबाचा भर बाविसाव्या अध्यायावर आहे. तिथे तोच विश्वास मुलगा इसहाक याच्या अर्पणाच्या वेळी कृतीत उतरतो आणि पंधराव्या अध्यायातले वचन पूर्ण झाले असे याकोब म्हणतो. दोघांसमोरची माणसेही वेगळी आहेत. पौल ज्यांच्याशी वाद करतो ते म्हणतात की परजातीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, सुंता करून घेतल्याशिवाय आणि मोशेचे नियमशास्त्र पाळल्याशिवाय त्यांना देवाच्या लोकांत जागा नाही. याकोबासमोर असे लोक आहेत की जे उघड्यावाघड्या, उपाशी भावाबहिणीला 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' असे म्हणून हात हलवत परत पाठवतात. याकोब म्हणतो, देव एकच आहे असा विश्वास भुतेही ठेवतात आणि थरथर कापतात. म्हणजे त्याने नाकारलेला 'विश्वास' ही नुसती मान्यता आहे. पौल ज्याला विश्वास म्हणतो, तो गलतीकरांस पत्रात त्याच्याच शब्दांत प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा आहे.

याकोब किती गरजेचा आहे हे मी पाहिले आहे. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ आपले तारण कोणत्या दिवशी झाले याची तारीख सांगत आणि साक्ष देताना त्यांचा गळा दाटून येई. त्याच काळात त्यांच्या यंत्रमागांवरच्या कामगारांची मजुरी महिनोन् महिने थकली होती. त्यांना कोणी हे बोलून दाखवले की ते इफिसकरांचे आठवे वचन म्हणत. त्यांना आठव्या वचनाची नव्हे, याकोबाच्या पाचव्या अध्यायाची गरज होती, जिथे अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश परमेश्वराच्या कानी गेला आहे. एकाच पवित्र शास्त्रात आईसाठी पौल आहे आणि या गृहस्थांसाठी याकोब. औषधाच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तर दोघांचेही नुकसान होते.

सोलापूरहून पुणे शहराकडे जाताना दौंडनंतर केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला आणि 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. तरीही आपल्या आत्मकथनात त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. इतके मोठे काम उभे करणाऱ्या बाईने त्या कामाला आपल्या तारणाचा आधार मानले नाही. आणि मग काम सोडले का? 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-बायका आणल्या आणि केडगावला त्यांचा संसार थाटला. पुरेसे झाले की नाही याची चिंता गेल्यावर हात थांबत नाहीत, उलट मोकळे होतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला आपल्या भागात माहीत नाही.

न्यायाचा प्रश्न राहिला, आणि तो सोपा नाही. येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूचे चरित्र सांगणाऱ्या पुस्तकाच्या) विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला सांगितला आहे. पहाटेपासून राबलेल्यांना आणि शेवटचा एक तास काम केलेल्यांना तो सारखीच, पूर्ण दिवसाची मजुरी देतो, आणि पहाटेपासूनचे लोक कुरकुर करतात. मला वाटे की नगावर मजुरी घेणाऱ्या आईला हा दाखला आवडणार नाही. एकदा तिला तसे विचारलेही. ती हातातली बिडी बांधत म्हणाली, "अरे, त्यांना दिवसभर कोणी कामावर नेलंच नव्हतं. नाक्यावर उभं राहून संध्याकाळ झाली की माणूस काय मनानं घरी जातो, ते तुला काय ठाऊक? चूल तर त्यांच्याही घरी होती." मी दाखला नेहमी पहाटेच्या मजुरांच्या जागी उभा राहून वाचत होतो, ती पाच वाजेपर्यंत नाक्यावर उभ्या असलेल्यांच्या जागेवरून ऐकत होती. शेवटच्या घटकेला विश्वास ठेवणाऱ्याने फुकट मजा मारली असे आपण गृहीत धरतो. लूकच्या शुभवर्तमानात क्रुसावर येशूशेजारी टांगलेला गुन्हेगार तसा दिसत नाही: तो आपली शिक्षा योग्य आहे असे कबूल करतो, सहकैद्याला दटावतो, आणि एवढेच म्हणतो की माझी आठवण ठेव. ठरवून पाप करायचे आणि अखेरीला विश्वास ठेवू असा हिशेब मांडणारा माणूस विश्वास ठेवत नसतो, तो सौदा करत असतो. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने हीच शंका स्वतः काढून 'कधीच नाही' असे उत्तर दिले आहे.

तुमच्या आजींविषयी. ख्रिस्ती नसलेल्या सज्जनांचे काय, यावर मंडळ्यांत एकमत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने 1964 मध्ये म्हटले की ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान कळले नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सद्सद्विवेकाला अनुसरून वागतात, त्यांचेही तारण होऊ शकते. अनेक प्रोटेस्टंट हे इतक्या मोकळेपणाने म्हणणार नाहीत. मी ख्रिस्तावाचून दुसरा तारणारा मानत नाही, पण त्याची कृपा कोणापर्यंत कशी पोहोचते याची यादी माझ्या हाती नाही, आणि तुमच्या सहकाऱ्यांच्याही नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजाच्या उजवीकडे उभे असलेले लोक चकित होऊन विचारतात, 'प्रभो, आम्ही तुला कधी भुकेलेले पाहून खायला दिले?' त्यांनी काही मोजून ठेवलेले नव्हते. तुमच्या आजींनी कोणाकोणाला जेवू घातले याची वही ठेवली होती का, हे मला ठाऊक नाही. तुम्ही लिहिलेल्या दोन ओळींवरून तरी तसे वाटत नाही.